वर्षअखेरीला मैत्रिणी भेटल्यावर "यंदा काय चांगलं झालं?" हे विचारावं का?

कट्टेकरीण | २० डिसेंबर २०२५, रात्री १०:४०

आम्ही सहा जणी परळच्या एकाच शाळेतल्या, दहावी १९९८. २००९ पासून नाताळच्या सुट्टीत एक संध्याकाळ मुलुंडला माझ्या घरी जमतो. नवरे आणि मुलं त्या दिवशी आपापलं बघतात. जेवण झालं की सतरंजीवर गोल बसायचं आणि एकेकीने सरलेल्या वर्षातली सगळ्यात चांगली गोष्ट सांगायची, हा आमचा रिवाज. कुणाचं कर्ज फिटलेलं असतं, कुणाची मुलगी पहिल्यांदा एकटी लोकलने गेलेली असते. ती संध्याकाळ मला वर्षभर पुरते.

गेल्या डिसेंबरात एकीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माझं राहू दे गं, पुढे चला." आम्ही पुढे गेलो. तिच्या शेजारी बसलेली मी. मीसुद्धा पुढे गेले. जानेवारीत तिच्या धाकट्या जावेकडून कळलं की नवऱ्याचा धंदा दिवाळीतच बसला होता, दादरची जागा विकून देणेकऱ्यांना दिली होती आणि त्या आठवड्यात ती बदलापूरला भाड्याचं घर बघत होती. सतरंजीवर बसून आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा तिच्या पर्समध्ये डिपॉझिटची पावती होती.

त्यानंतर आम्ही तिला भेटलो, बोललो, जमेल तेवढं सगळं केलं. पण या वर्षी २८ तारीख ठरवली तर तिचा मेसेज आला: "तुम्ही तुमचं ते गोलात बसायचं उरकून घ्या, मी नंतर जेवायला येते."

हे वाचल्यापासून मला चैन नाही. तिच्याशिवाय ते करणं मला जमणार नाही. पण सोळा वर्षांचा रिवाज बंद केला तर तिला वाटेल की माझ्यामुळे बंद झाला. तुमच्याकडे असा ग्रुप असेल तर तुम्ही वर्ष कसं आठवता? आणि ज्याचं वर्ष वाईट गेलं त्याला कसं सामावून घेता?

चहाबाज | २० डिसेंबर, रात्री ११:०५

पहिल्यांदा तिला फोन करा. मेसेजवर हे सुटणार नाही.

चैत्रपालवी | २० डिसेंबर, रात्री ११:३१

माझं मत थोडं वेगळं आहे. ३१ डिसेंबरला हिशोब मांडायची आपल्याला गरजच काय? आपलं वर्ष पाडव्याला बदलतं. यंदा तो ३० मार्चला होता. कडुनिंबाची चटणी खाऊन वर्ष सुरू करणारी माणसं आपण, म्हणजे पहिल्याच घासाला कडू. मला त्यात फार शहाणपण वाटतं. डिसेंबरात सगळीकडे दिवे, सगळीकडे पार्ट्या, त्यात दुःखी माणूस अजून एकटा पडतो. तुमची बैठक पाडव्याला न्या, निम्मा प्रश्न सुटेल.

माझगावकर | २१ डिसेंबर, सकाळी ७:१२

चैत्रपालवी, पाडवा घरच्यांचा. गुढी, श्रीखंड, दुपारी कुणीतरी पाहुणे. मित्रांना त्या दिवशी वेळ कुठे असतो? नाताळच्या आठवड्यात मात्र शाळा बंद, ऑफिसं अर्धी रिकामी, परदेशातला मित्रही आलेला. मुंबईत मित्र भेटायचे ते याच दिवसांत.

आमची सांगतो. माझे वडील गोदी कामगार, माझगावात चाळीत वाढलो. ३१ तारखेला रात्री बाराच्या ठोक्याला बंदरात उभ्या असलेल्या बोटी भोंगे देतात. एक बोट सुरू करते, मग दुसरी, मग लांबची. डोंगरी, माझगाव, कुलाब्याच्या लोकांना माहीत असेल. लहानपणी आम्ही चौघे गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहायचो आणि पहिला भोंगा होईपर्यंत बोलायचं नाही असा नियम होता. पाचेक मिनिटं गप्प. चौघांपैकी कुणाच्या घरी त्या वर्षी काय झालं ते चाळीत सगळ्यांना माहीतच असायचं. विचारायचं काय?

आता एक विरारला, एक टोरंटोला, एक आमच्यात नाही. मी अजून त्याच गच्चीवर जातो. टोरंटोवाल्याला फोन लावून कठड्याबाहेर धरतो. त्याच्याकडे तेव्हा दुपारचे दीड वाजलेले असतात. तो जेवणाची सुट्टी पुढे ढकलून गाडीत बसून ऐकतो. अजूनही पहिल्या भोंग्यापर्यंत कुणी बोलत नाही.

कट्टेकरीण, मला वाटतं वर्ष आठवायला प्रत्येकाने बोललंच पाहिजे असं नाही.

सात_सतराची_लेडीज | २१ डिसेंबर, सकाळी ९:५०

माझगावकर, वाचताना घसा दाटला.

आमचा ग्रुप डोंबिवलीचा, ७:१७च्या लेडीज डब्यातला. ट्रेनमध्ये जुळलेली मैत्री वेगळीच असते. रोज तासभर एकमेकींच्या खांद्याला खांदा. डब्यात आम्ही केळवणं केली आहेत, डोहाळजेवण केलंय, दसऱ्याला डबा फुलांनी सजवतो. वर्षाचा शेवटचा कामाचा दिवस असतो त्या दिवशी प्रत्येकीने डब्यात काहीतरी गोड आणायचं आणि सीएसएमटी येईपर्यंत वर्ष बोलून काढायचं.

यंदा काय बोलणार ते मला आत्ताच माहीत आहे. ९ जून, सोमवार. मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून माणसं पडली आणि गेली. आमची गाडी आधीच पुढे गेली होती, पण आमच्यातल्या तिघी त्या दिवशी उशिराच्या गाडीने येणार होत्या. त्यांचे फोन लागेनात. अर्ध्या तासाने एकीचा ग्रुपवर एकच शब्द आला, "पोचले". मग दुसरीचा, मग तिसरीचा. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

तेव्हापासून आम्ही रोज लिहितो. सकाळी "पोचले", संध्याकाळी "पोचले". अठरा जणी, दिवसाला छत्तीस वेळा. माझा मुलगा म्हणतो तुमचा ग्रुप फार कंटाळवाणा आहे. परवा मी तो ग्रुप जूनपर्यंत वर सरकवत गेले. नुसतं पोचले, पोचले, पोचले. मला तरी या वर्षी याहून चांगली गोष्ट सांगता येणार नाही.

चहाबाज | २१ डिसेंबर, सकाळी ९:५८

हा प्रतिसाद जपून ठेवला. आमच्या घरच्या ग्रुपवर आजपासून सुरू.

एक_बाकी | २१ डिसेंबर, दुपारी १:२०

कट्टेकरीण, मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने लिहितो.

माझी नोकरी जूनमध्ये गेली. वय ४६. एकोणीस वर्षं एकाच ठिकाणी होतो. तेव्हापासून प्रत्येक भेटीत माझं वर्ष हा सगळ्यांचा विषय झालाय. मित्र मनापासून विचारतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण "कसं चाललंय" म्हटलं की पुढची वीस मिनिटं सल्ले. प्रोफाइल बदल, अमक्याला भेट, वडापावची गाडी टाक. बायको शेजारी बसून ताटातला भात चिवडत असते. मला त्या संध्याकाळी काय हवं असतं सांगू? पत्ते वाटावेत आणि माझ्या हातात तेरा पानं यावीत. बाकी कुणी काही विचारू नये.

तिने स्वतः सांगितलंय ना, नंतर येते म्हणून? मग येऊ द्या नंतर. माणसाला आपली अडचण आपल्या वेळेला उघडायची मुभा असावी.

पार्ल्याची_मावशी | २१ डिसेंबर, दुपारी ४:०५

एक_बाकी, तुमचं दुःख कळतंय, पण मला उलट अनुभव आला म्हणून लिहिते. माझं वय ६३.

आमचा कॉलेजच्या मैत्रिणींचा गट, आठ जणींचा. २०१६ च्या मार्चमध्ये माझे यजमान गेले. त्या डिसेंबरात आम्ही नेहमीप्रमाणे एकीकडे जमलो. चार तास बसलो. सुनांपासून सोन्याच्या भावापर्यंत सगळं बोलून झालं, पण त्यांचं नाव कुणी काढलं नाही. एकीच्या तोंडून "तुझ्याकडे दोघांना" असं निघालं आणि ती जीभ चावून गप्प बसली. मला त्रास होऊ नये म्हणूनच सगळ्या जपत होत्या, हे मला कळत होतं. तरी टॅक्सीत बसल्यावर मला वाटलं, आज मी माझ्या नवऱ्याला घरी ठेवून आले.

पुढच्या वर्षी मीच तोंड उघडलं. म्हटलं, "मला विचारा. ते शेवटी काय म्हणाले ते विचारा, मी आता एकटीसाठी किती भात लावते ते विचारा." त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले, रात्रीचे दोन वाजले. त्या रात्री मला पावणेदोन वर्षांत लागली नव्हती तशी झोप लागली.

म्हणून कट्टेकरीण, "नंतर येते" याचा अर्थ "मला विचारू नका" असाच असतो असं नाही. कधीकधी त्याचा अर्थ "बघू तरी, माझ्यासाठी थांबता का" असाही असतो.

एक_बाकी | २१ डिसेंबर, दुपारी ४:४०

मावशी, तुमचं वाचून मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "मलाही कुणी विचारलेलं नाही जूनपासून. सगळे तुलाच विचारतात." यावर माझ्याकडे उत्तर नाही. संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला जातोय.

नाईटवाली | २१ डिसेंबर, रात्री ११:४५

ड्यूटीवर आहे, चहाच्या सुट्टीत लिहिते.

मी परळच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स. वीस वर्षं झाली. नातेवाइकाला काही विचारायचं किंवा सांगायचं असेल तर वॉर्डमध्ये सगळ्यांसमोर कधीच करायचं नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यात कळतं. कॉरिडॉरमध्ये घ्यायचं, दोघंच, शक्य असेल तर बसवून. वॉर्डात "ठीक आहे सिस्टर" म्हणणारा माणूस कॉरिडॉरमध्ये कोसळतो, किंवा शांतपणे सगळं विचारून घेतो. माणूस तोच असतो. आजूबाजूची माणसं कमी झाली की त्याला बोलता येतं.

मावशी आणि एक_बाकी दोघांचंही बरोबर आहे. आधी तिला एकटीला भेटा, आणि "उद्या तुला काय हवंय, विचारू की नको?" एवढंच विचारा. दोन्ही उत्तरं चालतील असं म्हणा, आणि मग ती जे सांगेल ते पाळा.

अवांतर: आम्ही चार सिस्टर पूर्वी नाईट संपली की पूल ओलांडून पश्चिमेला जाऊन नाश्ता करायचो, तीच आमची वर्षभराची पार्टी. सप्टेंबरपासून प्रभादेवीचा पूल बंद, वळसा घालून पलीकडे जायला पाय उचलत नाहीत. आता पूर्वेलाच टपरीवर उभं राहून पोहे खातो. पण खातो चौघीच.

केळीची_बाग | २२ डिसेंबर, सकाळी ८:३०

वसईहून नमस्कार. घरात गोडधोडाची धावपळ आहे, तरी हा धागा सोडवत नाही.

आमच्याकडे ३१ तारखेला रात्री म्हातारा जाळतात. सरतं वर्ष म्हणजे म्हातारा. जुनी पँट-शर्ट, आत पेंढा, थोडे फटाके, डोक्याला टोपी. पोरं आठवडाभर आधी त्याला वाटेवर खुर्चीत बसवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून वर्गणी घेतात. मुंबईत वांद्रे, गोराईकडच्या गावठाणांतही करतात.

आमच्या मित्रांनी त्यात एक भर घातली. म्हाताऱ्याच्या खिशात चिठ्ठी ठेवायची, यंदाचं जे नको ते लिहून. वाचायची नाही कुणाची. बारा वाजता सगळं एकदम जातं. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाची आई गेली होती. तो चिठ्ठी हातात घेऊन उभा राहिला आणि शेवटी कोरीच घडी करून परत खिशात घातली. म्हणाला, "वर्ष वाईट गेलं रे, पण आई त्यात होती. ते मला जाळायचं नाहीये." तेव्हापासून आम्ही चिठ्ठीची सक्ती करत नाही.

कातळवाटा | २२ डिसेंबर, सकाळी ११:१५

केळीची_बाग, तुमच्या मित्राचं वाक्य विसरणार नाही.

आम्ही मित्र ३१ च्या रात्री गडाच्या पायथ्याशी असतो. वर कुणी दारू घेऊन जाऊ नये म्हणून बऱ्याच गडांवर तरुण मंडळी त्या रात्री पहारा देतात, आम्ही त्यातले. यंदा जरा छाती फुगवून उभे राहणार. जुलैत बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. पंधरा वर्षं ज्या टाक्यातला गाळ काढला त्या गडाचं नाव त्या यादीत वाचलं तेव्हा मी ऑफिसमध्ये उभा राहिलो होतो.

पण लिहायचं होतं ते हे. रात्रभर शेकोटीशी बसलं की कुणी कुणाला विचारत नाही आणि तरी सगळं बाहेर येतं. एक जण लाकूड सरकवतो, एक चहा गाळतो, कुणी बॅटरी घेऊन वाटेवर नजर टाकून येतो. तीनच्या सुमाराला कुणीतरी आगीकडे बघत म्हणतो, "आमच्या ताईचं मोडलं यंदा." आणि मग पुढचा बोलतो. समोरासमोर गोलात बसवून "तू सांग" म्हटलं की माणूस मिटतो. हात कामात असले आणि नजर दुसरीकडे असली की बोलतो. कट्टेकरीण, त्या सतरंजीवर काहीतरी काम ठेवा. मटार सोलायला घ्या, डिसेंबर आहे.

भांबुर्डी | २२ डिसेंबर, दुपारी १२:०२

कातळवाटा यांना शंभर टक्के अनुमोदन, आणि काम मी सुचवतो. पोपटी लावा! आमच्या अलिबागकडे हा हंगामच पोपटीचा.

मातीचं मडकं घ्या. तळाशी भांबुर्डीचा पाला. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. मग बटाटे, रताळी, कांदे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, तोंड पाल्यानेच गच्च बंद. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवतीने पेंढा-लाकडं लावून पेटवायचं. अर्ध्या तासाच्या आसपास मडक्यावर पाण्याचे थेंब टाकून बघायचे, चर्र झालं की तयार. थेंब भरभर उडाले पाहिजेत. पाण्याचा थेंबही आत घालायचा नाही, शेंगा स्वतःच्याच पाण्यात शिजतात. तोवर सगळे आगीभोवती. कातळवाटा म्हणतात तसं बोलणं आपोआप होतं.

चहाबाज | २२ डिसेंबर, दुपारी १२:०९

कोंबडी न घालता चालते का? आमच्यात तिघे शाकाहारी.

भांबुर्डी | २२ डिसेंबर, दुपारी १२:१४

चालते म्हणजे काय, पोपटीचा जीव शेंगेत आहे. वांगी भरून टाका. भांबुर्डीचा पाला मात्र पाहिजेच, त्याचा वास शेंगेत उतरला नाही तर ती नुसती उकडलेली शेंग. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला या, पुढचं मी बघतो.

लेगस्पिन | २२ डिसेंबर, रात्री ९:२०

पोपटीने भूक लागली, पण धाग्याच्या प्रश्नाकडे येतो.

आम्ही सोसायटीतले बाप लोक. प्रत्येकाचं "माझं वर्ष" काढलं की तुलना येते, कुणाचं वर गेलं, कुणाचं खाली. म्हणून आम्ही सगळ्यांच्या मालकीच्या एखाद्या दिवसापासून सुरुवात करतो. यंदाचा दिवस ठरलेलाच आहे, ३० ऑक्टोबर. महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चा पाठलाग आणि जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७. आपल्या मुंबईची पोरगी. माझी मुलगी बारा वर्षांची, दादरला नेटमध्ये लेगस्पिन टाकते. ती टीव्हीसमोर गुडघ्यावर बसून होती. तीन दिवसांनी नेरुळला अंतिम सामना ५२ धावांनी जिंकला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. शाळा असूनही मी तिला झोप म्हटलं नाही.

"तू त्या रात्री कुठे होतास?" एवढंच विचारायचं. आमच्यातला एक जण म्हणाला, "मी आयसीयूबाहेर मोबाइलवर बघत होतो." आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. त्याने ते स्वतःहून सांगितलं, कारण प्रश्न त्याच्याबद्दल नव्हता, मॅचबद्दल होता.

कट्टेकरीण | २३ डिसेंबर, सकाळी ६:५५

तुम्हा सगळ्यांचं दोनदा वाचलं. नाईटवाली, तुमचं ऐकून काल बदलापूरला गेले. अर्धा दिवस रजा टाकली. तिने घर दाखवलं, नवऱ्याने सुरू केलेलं छोटं काम दाखवलं. स्टेशनवर सोडायला आली तेव्हा मी विचारलं, "रविवारी विचारू की नको?"

ती म्हणाली, "विचारा. पण चांगलं काय ते विचारू नका. माझ्याकडे आहे चांगलं, पण तुमच्या चांगल्याशेजारी ठेवलं तर दिसणार नाही."

गाडी आली. मी नीट उत्तरही देऊ शकले नाही. आता मदत करा, विचारू काय?

चैत्रपालवी | २३ डिसेंबर, सकाळी ८:१०

कट्टेकरीण, ती केवढं नेमकं बोलली. तिला मनापासून नमस्कार सांगा. पाडव्याचा हट्ट मी मागे घेते.

फोनमधले फोटो काढून महिन्यामहिन्याने बघत जायचं, असं सुचवावंसं वाटलं होतं. पण मग माझाच फोन उघडून बघितला. सहली, वाढदिवस, गणपती. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं त्या पंधरा दिवसांत एकही फोटो नाही. फोन फक्त चांगलंच सांगतो.

एक_बाकी | २३ डिसेंबर, सकाळी १०:३०

माझं वर्ष यूपीआयच्या यादीत आहे. मेपर्यंत हॉटेल, पेट्रोल, हॉटेल. जूननंतर किराणा, लाइटबिल, मुलाची फी दोन हप्त्यांत. २२ डिसेंबर, भेळ, साठ रुपये. तो कालचा. तिघांनी खाल्ली.

पार्ल्याची_मावशी | २३ डिसेंबर, दुपारी २:४५

कट्टेकरीण, कालनिर्णय आणायला सांगा! प्रत्येकीने आपल्या घरच्या भिंतीवरचं, यंदाचं. आठ-नऊ दिवसांनी खाली उतरून रद्दीत जाणारच आहे.

१९७३ पासून ते निघतंय, आणि मला वाटतं मराठी घरांचा सगळ्यात खरा इतिहास त्याच्या चौकोनांत आहे. दूध किती, गॅस कधी लावला, बाई कधी आली नाही, कुणाची तिथी, कुणाचं ब्लडप्रेशर. त्यात चांगलं-वाईट असा रकानाच नसतो. २०१६ च्या मार्चमध्ये माझ्या अक्षरात "दूध अर्धा लि. कमी" असं लिहिलंय. बाकी काही नाही. ज्या दिवशी मी गवळ्याला ते सांगितलं तो दिवस मला त्या चार शब्दांत अख्खा दिसतो. ते पान मी ठेवलंय.

यंदाचं आत्ता उतरवून बघितलं. २६ मे: "कुरडया भिजल्या." पावसाची तारीख ११ जून धरून मी गच्चीवर वाळवण घालते. यंदा तो सोळा दिवस आधी आला, इतका लवकर मुंबईत कधी आल्याची नोंद नाही म्हणतात. तीन किलो गव्हाचा चीक वाया गेला! शेजारच्या दोन मुली धावत वर आल्या आणि आम्ही तिघींनी भिजत चादरी गोळा केल्या. त्या मुलींची नावं मला त्या दिवशी कळली, दोन वर्षं शेजारी राहत होत्या. आता त्या रोज संध्याकाळी येतात. हे मी कुठल्याही "चांगल्या गोष्टीच्या" यादीत सांगितलं नसतं, कारण चौकोनात ते नुकसान म्हणून लिहिलंय.

विचारायचंच असेल तर "तुझ्या कालनिर्णयात काय लिहिलंय?" एवढं विचारा.

सात_सतराची_लेडीज | २३ डिसेंबर, दुपारी ३:०१

मावशी!! आमच्याकडे ९ जूनच्या चौकोनात सासूबाईंनी "सूनबाई उशिरा आल्या" असं लिहिलंय. त्यांनी त्या दिवशी दारात पाणी ओवाळून टाकलं होतं.

माझगावकर | २३ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

वडिलांची गोदीतली पाळी आई अशीच चौकोनात लिहायची. १, २, ३. घरात पाऊल कसं वाजवायचं ते त्या आकड्यावरून ठरायचं. मावशी, छान आठवण काढलीत.

कट्टेकरीण | २३ डिसेंबर, रात्री १०:१५

मावशी, ठरलं. सगळ्यांना सांगितलं. एकीचं म्हणणं, तिच्याकडे सगळं मोबाइलवर आहे, भिंतीवर काही नाही. तिला सोसायटीच्या नोटिशींची फाइल आणायला सांगितलं आहे.

कट्टेकरीण | २९ डिसेंबर, रात्री ११:२०

काल झालं. सविस्तर लिहिते, तुमचं देणं आहे.

ती सगळ्यांच्या आधी आली. कालनिर्णय पुंगळी करून पिशवीत. तिच्या सासूबाईंच्या हातचे वाल सोबत, आदल्या रात्री भिजवून मोड आणलेले. कातळवाटा यांचा सल्ला आपोआप पाळला गेला, कारण सतरंजीवर परात ठेवून आम्ही सहा जणी वाल सोलायला बसलो.

पानं जानेवारीपासून उलटली. कुणी एकीने आपलं वर्ष सांगायचं असं ठेवलंच नाही. "मार्च, सगळ्यांचा मार्च काढा" असं करत गेलो. डॉक्टरच्या तारखा एवढ्या निघाल्या की आम्हीच चकित झालो. आमच्यातल्या जिला आम्ही सगळ्यात सुखी समजत होतो, तिच्या पानावर दर मंगळवारी एक बारीक फुली होती. नवऱ्याचं समुपदेशन. दीड वर्ष चालू आहे. गेल्या वर्षी तिने सिंगापूरच्या सहलीचं सांगून टाळ्या घेतल्या होत्या. म्हणजे गेल्या वर्षी गप्प राहिलेली एकटीच नव्हती. ती न बोलता गप्प होती, ही बोलून.

माझ्या बदलापूरच्या मैत्रिणीची जानेवारी-फेब्रुवारी नुसती गाड्यांच्या वेळांनी भरलेली. ५:४८, ६:०५, काट मारून पुन्हा ५:४८. कुठल्या गाडीला उभं राहायला तरी जागा मिळते याचा शोध. एप्रिलमध्ये "दादरची किल्ली दिली." त्या पानावर आम्ही थांबलो. तिने वाल सोलता सोलता सांगितलं की किल्लीच्या जुडग्यात आमच्या शाळेच्या सहलीचं किचेन होतं. ते तिने आधी काढून घेतलं आणि मग किल्ली दिली. किचेन पर्समध्येच होतं. दाखवलं.

मग मे उलटला. २६ च्या चौकोनात मावशींच्या कुरडया मला आठवल्याच होत्या. तिच्या चौकोनात लिहिलं होतं: "पाऊस. गळलं नाही."

दादरचं घर जुनं, शेवटच्या मजल्यावरचं. लग्न झाल्यापासून प्रत्येक पावसाळ्यात तिने बादल्या लावल्या होत्या. त्या दिवशी ती आणि सासूबाई नव्या घरात रात्रभर छताकडे बघत बसल्या होत्या, बादल्या तयार ठेवून. पहाटे सासूबाई म्हणाल्या, "झोप आता." हे सांगताना ती हसायला लागली, मग रडली, मग परत हसली. आम्हीही. वालाची सालं कुणाच्या डोक्यात गेली, कुणाच्या चहात.

डिसेंबरच्या पानावर पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. २८ चा चौकोन सगळ्यांचा रिकामा होता. तिने पेन मागितलं.

पार्ल्याची_मावशी | ३० डिसेंबर, सकाळी ७:४०

बाळा, काय लिहिलं तिने?

कट्टेकरीण | ३० डिसेंबर, सकाळी ८:०२

"वाल २ किलो. शेवटची गाडी चुकली."

राहिली माझ्याकडेच.

नाईटवाली | ३० डिसेंबर, सकाळी ८:३०

घरी जाताना बसमध्ये वाचलं. स्टॉप पुढे गेला.

एक_बाकी | ३० डिसेंबर, दुपारी १२:१०

आज आमच्याकडे मित्र येणार आहेत. आधीच फोन करून सांगितलं, आल्यावर पहिल्यांदा हिला विचारा, मग पत्ते. सगळे हो म्हणाले.

माझगावकर | १ जानेवारी २०२६, रात्री १२:१९

आत्ता गच्चीवरून खाली आलो. पहिला भोंगा दक्षिणेकडून आला, मग लागोपाठ. टोरंटोवाला यंदा एकटा नव्हता, मुलाला शाळेला सुट्टी आहे म्हणून गाडीत घेऊन बसला होता. पोरगा विचारत होता, कोण वाजवतंय?

भांबुर्डी | १ जानेवारी, सकाळी ९:००

माझगावकर, त्याला घेऊन या पुढच्या खेपेला, बोटीनेच आणू.

कट्टेकरीण, १० जानेवारी, शनिवार, पोपटी पक्की का? सहा जणी ना? त्या हिशोबाने मडकी सांगतो.

कट्टेकरीण | १ जानेवारी, सकाळी ९:२६

सात धरा. तिच्या सासूबाईंना शेंगा खायच्या आहेत.